पदवीनंतरचे एक वर्ष : वृत्तपत्रविद्येचे शिक्षण आणि आपला समाज

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आमच्या चिटणीसांनी आम्हास विषय दिला तो 'विद्यार्थ्यांपुढील नव्या वाटा' असा. विषय मोठा, वेळ वीस मिनिटांचा, आणि वक्ता पडला मॅट्रिक! त्यापुढे शिक्षक-प्रशिक्षणाची दोन वर्षे, आणि मग १९७९ पासून २०१८ पर्यंत खडू आणि फळा. सगळ्या वाटा दाखवाव्यात इतके आम्ही कोठेच चाललेलो नाही. म्हणून एकाच वाटेविषयी बोलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली. ती वाट म्हणजे पदवी मिळाल्यावर आणखी एक वर्ष देऊन वृत्तपत्रविद्येचे, अथवा आज ज्यास संज्ञापन व माध्यमविद्या असे म्हणतात त्या विषयाचे, प्रमाणपत्र मिळविणे. हीच वाट का निवडली, यास कारण आहे, आणि ते कारण आम्हास फारसे भूषणावह नाही. तेच प्रथम सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे मोकळेपणाने होईल.

तीन वर्षांपूर्वी आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीकडे एका मुलीचा अर्ज आला. आजोबा खड्डामागावर आयुष्य काढलेले, वडील इतवारीत कापडाच्या दुकानी नोकरीस, मुलगी बी. ए. झालेली. तिला एक वर्षाच्या पत्रकारितेच्या अभ्यासक्रमासाठी शुल्काची निम्मी रक्कम कर्जाऊ हवी होती. आपला नियम सर्वांस ठाऊक आहे. निधीतून साहाय्य मिळते ते वैद्यकी, अभियांत्रिकी, शिक्षणशास्त्र, वाणिज्य आणि 'तत्सम अर्थोत्पादक शिक्षण' यांस. या 'तत्सम'मध्ये तिचा अभ्यासक्रम बसतो की नाही हे ठरविण्याचे काम त्या वर्षी आमच्याकडे होते. आम्ही तिला बोलावले नाही, काही विचारले नाही. अर्जाच्या समासात आमच्या हस्ताक्षरात शेरा लिहिला : 'सदर शिक्षण अर्थोत्पादक दिसत नाही. नामंजूर.' शेरा लिहिताना मनात जे होते तेही सांगून टाकतो. वर्तमानपत्रात लिहावयास प्रमाणपत्र कशाला लागते? ज्याला लिहिता येते तो लिहितो. शिवाय मुलीच्या जातीस रात्रपाळी, आणि चार घरच्या भानगडी विचारीत हिंडणे! असा विचार करून आम्ही चहा घेतला आणि पुढील अर्ज उघडला.

मुलीने तक्रार केली नाही. तिने दोन ठिकाणी शिकवण्या धरल्या आणि शुल्क भरले. पुढे काय झाले ते यथाक्रम येईल.

आता हे शिक्षण आहे तरी काय, आणि ते नागपुरास कधी आले, याची थोडी चौकशी आम्ही नंतर केली. ती आधीच केली असती तर बरे झाले असते, कारण या विषयात आपले शहर मागे नाही, उलट देशात अगदी पहिल्या पंक्तीस आहे, आणि हे आम्हास साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. आपल्या देशात विद्यापीठाच्या पातळीवर पत्रकारितेचे शिक्षण रीतसर सुरू झाले ते १९४१ साली लाहोरास, पंजाब विद्यापीठात. प्रिथीपाल सिंग नावाच्या गृहस्थांनी तो विभाग उभा केला. सहाच वर्षांत फाळणी झाली. विभाग दिल्लीस आला आणि १९६२ साली चंदिगडास गेला. शाळा निर्वासित झाली, पण बंद पडली नाही. मद्रास, कलकत्ता आणि म्हैसूर येथेही त्या सुमारास वर्ग निघाले. आणि १९५२ साली आपल्या नागपुरात, हिस्लॉप महाविद्यालयात, पत्रकारितेचा विभाग सुरू झाला.

हिस्लॉप महाविद्यालय १८८३ चे. त्याच्या आवारात हा विभाग उभा करण्यासाठी अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वोल्सली हे फुलब्राइट योजनेखाली आले होते. येथील मुक्कामात त्यांनी आपल्याकडील वृत्तपत्रसृष्टीविषयी एक इंग्रजी ग्रंथ संपादित केला. तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कित्येक वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती राहिला. विशेष हे की त्यातील प्रकरणे त्यांनी भारतीय वृत्तपत्रव्यवसायातील माणसांकडून लिहवून घेतली. पाहुण्याने येऊन यजमानाचे घर यजमानाकडूनच वर्णन करवून घ्यावे, यात आम्हास मोठा शहाणपणा दिसतो. पुढे के. ई. ईपन यांच्यासारखे, या विषयात देशभर नाव झालेले अध्यापक या विभागात होते. कालांतराने नागपूर विद्यापीठातही स्वतंत्र विभाग झाला. त्यास आज जनसंवाद विभाग म्हणतात.

हे नागपुरासच का झाले, असा प्रश्न एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील. १९५२ साली नागपूर ही जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती. विधानसभा येथे, सचिवालय येथे, उच्च न्यायालय येथे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सुरू केलेला इंग्रजी 'हितवाद', गोपाळराव ओगले यांनी १९१४ साली काढलेले 'महाराष्ट्र', ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखालील 'तरुण भारत', हिंदी 'नवभारत', अशी तीन भाषांतील पत्रे एकाच शहरात निघत. १६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे केंद्र येथे सुरू झाले होते. आणि ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीच्या टपालाची विमाने सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार दिशांची विमाने मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर उतरत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या वाटेने परत फिरत. आमचे वडील सांगत की मागावर रात्री उशिरापर्यंत बसले की विमानांची घरघर ऐकू येई, आणि त्यावरून किती वाजले ते कळे. साऱ्या देशाची पत्रे आपल्या डोक्यावरून जात होती आणि आपण त्यावरून वेळ पाहत होतो. आमच्या मते आपल्या समाजाचे आणि वृत्तपत्रसृष्टीचे नाते पुष्कळ वर्षे याच प्रकारचे राहिले आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. तो आक्षेप आमचाच होता, म्हणून त्याचे उत्तर देणेही आमच्याकडेच लागते. आक्षेप असा की, मोठमोठे संपादक कोणत्या वर्गात शिकले? बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले तेव्हा कोणाचे प्रमाणपत्र होते? डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला तो वृत्तपत्रविद्येची परीक्षा देऊन नव्हे. आणि आपल्या नागपूरचे माडखोलकर! त्यांच्यापाशी तर विद्यापीठाची पदवीही नव्हती, तरी १९४४ पासून दोन तपे त्यांच्या अग्रलेखांनी विदर्भ जागा ठेवला, आणि १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

हे सर्व खरे आहे. आम्हीही याच दाखल्यांवर विसंबून होतो. पण आम्ही माडखोलकरांच्या चरित्राकडे नीट पाहिले तेव्हा दाखला उलटा पडला. ते एकदम संपादकाच्या खुर्चीवर जाऊन बसले नव्हते. पुण्यास न. चिं. केळकरांचे लेखनिक म्हणून त्यांनी काम केले. 'ज्ञानप्रकाशा'त उमेदवारी केली. मग नागपुरास ओगल्यांच्या 'महाराष्ट्रा'त वीस वर्षे घालविली. आणि त्यानंतर 'तरुण भारत' हाती घेतला. म्हणजे शाळा नव्हती हे खरे नाही. शाळा होती, तिला नाव नव्हते इतकेच. एक जाणता माणूस शेजारी बसलेला, त्याने खोडलेली ओळ पुन्हा लिहावयाची, आणि असे वर्षानुवर्षे.

आपल्या ज्ञातीस हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. आपल्या घरात माग होता, तेव्हा कोणाचे पोर विणकामाच्या शाळेत गेले? पाच वर्षांचे झाले की ते आईजवळ बसून कांड्या भरी. मग तुटलेला धागा सांधावयास शिके. पांजण करताना ताण्याच्या एका टोकास उभे राही. फणीतून सूत कसे ओवतात ते पाही. बापास जेवावयास उठावे लागले की तेवढ्या वेळात धोटा मारून पाही, आणि चुकले की बापाचा हात पाठीवर पडे. बाराव्या वर्षी तो कारागीर होई, आणि लोक म्हणत, याच्या हातातच कला आहे! कला हातात नव्हती हो, माग घरात होता. शेजारच्या घरी, जेथे माग नाही, तेथील पोर कितीही हुशार असले तरी त्याला लुगड्याचा काठ उतरविता येत नसे.

आता विचार करा. वर्तमानपत्राचा माग आपल्यापैकी किती घरांत आहे? ज्या कुटुंबात आजोबा वकील, काका संपादक, मामा आकाशवाणीवर, त्या घरातील मुलाला बातमी कशी लिहितात हे जेवणाच्या पाटावर कळते. कोणास भेटावे, कोणत्या कचेरीत कोणते कागद असतात, हे तो ऐकून शिकतो. त्याला प्रमाणपत्र नसले तरी चालते. आपल्या मुलांस हे कोण सांगणार? आम्ही एकोणचाळीस वर्षे शिक्षक होतो, आणि वर्तमानपत्राच्या कचेरीची पायरी आम्ही निधनवार्ता देण्यापलीकडे कधी चढलो नाही. म्हणून एक वर्षाचा वर्ग हा आपल्या मुलांपुरता घरचा माग आहे, असे आमचे मत झाले. ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी या शिक्षणास खुशाल नावे ठेवावीत.

आता तेथे काय शिकवितात? हे आम्ही त्या मुलीकडूनच समजून घेतले. अभ्यासक्रम पुरा झाल्यावर ती आम्हास भेटावयास आली होती. राग धरून नव्हे. आमच्या शाळेची ती जुनी विद्यार्थिनी. पहिल्या महिन्यात, ती म्हणाली, सहा ककार : कोणी, काय, केव्हा, कोठे, का आणि कसे. पोरखेळ वाटतो. पण शिक्षकांनी सर्वांस एका बाजारात पाठविले आणि भाजीच्या भावावर पंधरा ओळी लिहून आणावयास सांगितल्या. हिने सुंदर वर्णन लिहून नेले, सकाळची उन्हे वगैरे. कागद परत आला. वर तांबड्या शाईत एकच प्रश्न : 'हे तुला कोणी सांगितले?' भाव महाग झाले असे लिहिले होते, पण कोणत्या विक्रेत्याने सांगितले, काल काय होता, आज काय आहे, घाऊक बाजारात काय आहे, यांपैकी काहीच नव्हते. सहा वेळा तो कागद परत आला. आम्ही निबंधाच्या वह्या तपासण्यात आयुष्य घालविले, आणि सकाळच्या उन्हांना नेहमी चांगले गुण दिले. 'हे तुला कोणी सांगितले?' असा प्रश्न आम्ही एकाही विद्यार्थ्यास विचारल्याचे स्मरत नाही.

त्यानंतर कायदा. मानहानी म्हणजे काय, कोणते शब्द लिहिले असता फिर्याद होऊ शकते, न्यायालयाचे वृत्त कसे द्यावे. या बाबतीत जुनी पुस्तके आता पुरत नाहीत. १८६० च्या दंडविधानाच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. १८६७ चा मुद्रण व पुस्तके नोंदणीचा कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा तर प्रत्यक्ष अर्ज करवून शिकवितात. दहा रुपये शुल्क, सामान्यतः तीस दिवसांत उत्तर. वर्गातील प्रत्येकाने एकेक अर्ज केला. हिने आपल्या वस्तीतील नळयोजनेचा केला, आणि उत्तर आले, तेव्हा तिच्या आजोबांनी ते देवघरात ठेवले! सरकारने आपल्या घराच्या नावाने पत्र लिहून आपल्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे, हे त्यांनी आयुष्यात प्रथम पाहिले.

डिसेंबरात आपल्याकडे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते. १९५३ च्या नागपूर करारापासून चालत आलेली ही गोष्ट. आपल्याला त्याचा परिचय म्हणजे रस्ते बंद होणे आणि मोर्चे निघणे एवढाच. पण पत्रकारितेच्या विद्यार्थ्यास एवढी मोठी प्रयोगशाळा घरबसल्या मिळते हे ध्यानात घ्या. मोर्चात चालणाऱ्या माणसाची मागणी काय, मंत्री काय म्हणाले, आणि कागदावर काय आहे, या तीन गोष्टी एकमेकींशी लावून पाहण्याचा अभ्यास तेथे होतो. शिवाय आकाशवाणीसाठी लिहिणे निराळे, डोळ्यांनी वाचण्याचे निराळे. मोबाइलवर चित्रण करून तीन मिनिटांत सांगणे आणखी निराळे. जाहिरात, जनसंपर्क, भाषांतर हेही विषय असतात. सगळेच विद्यार्थी वार्ताहर होत नाहीत. कोणी रुग्णालयाच्या जनसंपर्क कचेरीत लागतो, कोणी बँकेच्या परिपत्रकांचे सोपे मराठी करून देतो. संज्ञापन हा जड शब्द याच कारणाने आला असावा, कारण वर्तमानपत्र हा त्याचा आता एक भागच आहे. आम्हास वैयक्तिकरीत्या 'जनसंवाद' अधिक आवडतो. त्यात निदान दोन माणसे समोरासमोर असल्यासारखी वाटतात.

आता ज्यामुळे आमचे मत फिरले तो प्रसंग. गेल्या वर्षी पावसाळ्यात आपल्या वस्त्यांतून मोबाइलवर एक निरोप फिरला. ज्यांच्या घरी पूर्वी माग होता अशा प्रत्येक कुटुंबास सरकारी अनुदान मिळणार, मुदत आठ दिवस, अमुक दुकानी दोनशे रुपये देऊन अर्ज भरावा, सोबत आधारपत्राची प्रत आणि बँकेचा खातेक्रमांक. निरोप उत्तम मराठीत होता. खाली राजमुद्रेचे चित्र होते. आम्ही तो वाचला, आम्हास खरा वाटला, आणि समाजकार्य म्हणून आम्ही तो बावीस कुटुंबांस पुढे पाठविला. स्वतः दोनशे रुपये भरले ते वेगळेच. गुरुजींकडून आला म्हणून त्या बावीस जणांनीही विश्वास ठेवला. दुकानासमोर सकाळपासून रांग लागली. त्यात वृद्ध बाया होत्या, ज्यांना दोनशे रुपये म्हणजे दोन दिवसांची भाजी-भाकर.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी ती मुलगी आमच्याकडे आली. पायांतील चपलाही न काढता उंबऱ्यातच उभी राहून तिने विचारले, "गुरुजी, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

आम्ही म्हटले, सर्वांना आले आहे. ती म्हणाली, "सर्वांना कोणी सांगितलं?" आम्हास उत्तर देता येईना. तिने रागाचा एक शब्दही काढला नाही. वस्त्रोद्योग आयुक्तालय आपल्या नागपुरातच आहे. दुसऱ्या दिवशी ती तेथे गेली, संबंधित अधिकाऱ्यास निरोप दाखविला, अशी कोणतीही योजना नाही आणि असा अर्ज निघालेला नाही हे त्यांच्याकडून नावानिशी, हुद्द्यानिशी टिपून घेतले. मग त्या दुकानात गेली आणि दुकानदाराचेही म्हणणे घेतले. ते आम्हास अनावश्यक वाटले होते. चोराचे म्हणणे काय घ्यावयाचे? ती म्हणाली की घ्यावे लागते, आणि कधीकधी त्यातच खरे सापडते. आणि सापडलेही! दुकानदारालाही तो निरोप दुसऱ्या कोणाकडून आला होता. अर्ज कोणत्या तरी संकेतस्थळावरून तो भरून देत होता, आणि खातेक्रमांक कोठे जात होते याचा त्यालाही पत्ता नव्हता. मुलीने अर्ध्या पानाचा मजकूर लिहिला. त्यात कोणास शिवी नव्हती, 'फसवणूक' हा शब्दही नव्हता. कोणी, काय, केव्हा, कोठे, एवढेच. तो आपल्या समाजभवनाच्या फळ्यावर लागला, आणि ज्या मार्गाने निरोप आला त्याच मार्गाने घरोघर गेला. रात्रीपर्यंत रांग मोडली. दुकानदाराने कित्येकांचे पैसे परत केले. आमचे दोनशे मात्र आम्ही मागितले नाहीत, ते फी समजलो.

तिच्या आजोबांनी त्या रात्री आम्हास गाठून म्हटले, "गुरुजी, तुमी शिकवलं थे बराबर, पन हिनं जे शिकून आनलं थे आपल्या घरी कोनालेच येत नोतं." आम्ही त्या वाक्यावर फार विचार केला.

परंतु भाबडेपणाने या शिक्षणाची भलामण करावी, असा आमचा हेतू नाही. पालकांनी काही गोष्टी तपासूनच पैसे भरावेत. नागपुरात आणि सर्वत्रच चकचकीत फलक लावून माध्यमांचे शिक्षण देणाऱ्या संस्था पुष्कळ झाल्या आहेत. प्रमाणपत्र कोण देणार, त्यावर कोणत्या विद्यापीठाची मुद्रा असणार, हे प्रथम लेखी विचारावे. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, ती पाहावी. शिकविणाऱ्यांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष वृत्तपत्रात वा आकाशवाणीत काम केले आहे ते विचारावे. विद्यार्थ्यांनी लिहिलेले, छापलेले, ध्वनिमुद्रित केलेले काम दाखविण्यास सांगावे. नसेल तर उठून यावे. 'हमखास नोकरी' असे कोणी म्हणाला तर त्याला आमच्या मुलीचा प्रश्न विचारावा. आणि पहिल्या काही वर्षांत पगार तुटपुंजा असतो, कामाच्या वेळा वेड्यावाकड्या असतात, तालुक्याच्या वार्ताहरास कित्येकदा मानधनावरच भागवावे लागते, हे मुलांपासून लपवू नये. त्या मुलीसही आज मिळतो तो पगार आमच्या निवृत्तिवेतनापेक्षा कमी आहे. ती सांगते, आणि हसते.

ज्यांना घर सोडून वर्गात बसणे शक्य नाही त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठीतून, आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ इंग्रजी-हिंदीतून, या विषयांचे अभ्यासक्रम चालवीत आले आहे. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ ची; तिचे एक केंद्र आपल्या अमरावतीस आहे, आणि तेथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका शिकविण्याची सोय झाली. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयातही जनसंचाराचा विभाग आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले-सुना परदेशी आहेत त्यांनी विचारले होते, म्हणून एवढेच सांगतो की अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात 'ग्रॅज्युएट सर्टिफिकेट' म्हणतात ते सामान्यतः पूर्ण एम. ए. पेक्षा लहान, काही थोड्या विषयांचे असते. नोकरी सांभाळून ते करता येते, आणि पुष्कळ ठिकाणी पुढे एम. ए. करावयाचे ठरल्यास ते विषय त्यात धरले जातात. आपल्याकडे त्या जागी एक वर्षाची पदविका अधिक रूढ आहे. नावावरून गोंधळू नये; किती तास, कोणते विषय आणि कोणाची मुद्रा, हे पाहावे.

एक शब्द मुलींच्या वडिलांसाठी. रात्रपाळीची भीती आम्हीही बाळगली होती. ती अगदीच खोटी नाही. परत येण्याची वाहनव्यवस्था आहे काय, हे विचारणे बापाचे कर्तव्यच आहे. पण आपल्या घरातील बाया पिढ्यान्‌पिढ्या दिव्याच्या उजेडात रात्री बारापर्यंत कांड्या भरीत होत्या, त्या रात्रपाळीस आपण कधी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

आता कामाचे बोलतो. आमच्या या भाषणासोबत आम्ही कार्यकारिणीपुढे एक ठराव ठेवला आहे. विद्यार्थी साहाय्य निधीच्या नियमात जेथे 'तत्सम अर्थोत्पादक शिक्षण' असे शब्द आहेत, तेथे वृत्तपत्रविद्या, संज्ञापन व माध्यमविद्या यांचा नावाने उल्लेख करावा. दरवर्षी निदान एका विद्यार्थ्यास व एका विद्यार्थिनीस त्यासाठी कर्जाऊ साहाय्य द्यावे. आणि कोणताही अर्ज नामंजूर करण्यापूर्वी अर्जदारास समक्ष बोलावून त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. तिसरे कलम खजिनदारांना अनावश्यक वाटते. आम्ही त्याचा आग्रह धरणार आहोत. पहिल्या वर्षीच्या साहाय्यासाठी आमच्याकडून पाच हजार रुपये निधीत जमा केले आहेत, त्याची पावती क्रमाने स्मरणिकेच्या देणगीदारांच्या यादीत येईलच.

तो जुना अर्ज कपाटात आहे, समासातील शेऱ्यासह. ठरावाला पुरावा म्हणून तो जोडावा, अशी आम्ही चिटणीसांना विनंती केली आहे. त्यांनी विचारले, "गुरुजी, शेऱ्याखालची सही झाकून प्रत काढू काय?" आम्ही त्यांना सांगितले की शेरा कोणी लिहिला हे वाचणाऱ्यास कळलेच पाहिजे, प्रत सहीसकटच काढा.